नागरी स्वातंत्र्य की नागरी हक्क?

आणीबाणीवरच्या लेखाचं भाषांतर करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे: ‘सिव्हिल लिबर्टीज’ला नागरी स्वातंत्र्य म्हणायचं, नागरी हक्क म्हणायचं, की सरळ मूलभूत हक्क?

तुमच्या लेखात नागरी स्वातंत्र्यच हवं. तरी तो शब्द कानाला थोडा परका वाटतो हे खरं, आणि ते ‘नागरी’मुळे. इंग्रजीतला ‘सिव्हिल’ मराठीत येताना जागोजागी वेगळा होतो. कोर्टात दिवाणी, महसुलात मुलकी, सेवेत सनदी, इंजिनिअरिंगमध्ये स्थापत्य, युद्धात यादवी आणि कायदेभंगात चक्क सविनय! ‘नागरी’ म्हटलं की आपल्याला नागरी सहकारी बँक नाहीतर नागरी पुरवठा आठवतो. इथे शहराचा संबंध नाही. पाड्यावरच्या माणसालाही हे स्वातंत्र्य तितकंच आहे. नागरी म्हणजे इथे नागरिकाचं, सरकारपुढे उभ्या असलेल्या माणसाचं.

नुसतं ‘स्वातंत्र्य’ लिहू नका, कारण त्या शब्दावर 1947चा ठसा आहे. देशाचं स्वातंत्र्य वेगळं. नेहरूंच्या पुढाकाराने आणि रवींद्रनाथ टागोरांच्या अध्यक्षतेखाली 1936 साली नागरी स्वातंत्र्यासाठी संघटना निघाली, तेव्हा देश पारतंत्र्यात होता. 1975 साली देश स्वतंत्र होता आणि माणसं विनाचौकशी तुरुंगात होती.

नागरी स्वातंत्र्याचा गाभा असा की सरकारने हात आवरायचा. बोलू द्यायचं, जमू द्यायचं, अटक केली तर 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं. नागरी हक्कात एवढ्याने भागत नाही. महाडचं चवदार तळं घ्या. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले, असा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 साली केला होता, नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचं ठरवलं होतं. तरी अस्पृश्य मानलेल्या समाजातलं कुणी पाण्याला हात लावू शकत नव्हतं, कारण आडवा येत होता तो गाव. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं. त्यानंतर सत्याग्रहींना मारहाण झाली आणि तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं. अशा वेळी सरकार गप्प बसून चालत नाही, त्याला मध्ये पडावंच लागतं. म्हणून आपल्या कायद्यात ‘नागरी हक्क’ला नेमका अर्थ आहे. 1955च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याचं नाव 1976 साली ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ झालं, आणि त्यात नागरी हक्क म्हणजे अस्पृश्यता नष्ट केल्यामुळे माणसाला मिळालेला हक्क. हा शब्द सैल वापरला की महाडचा इतिहास पुसट होतो, म्हणून माझा एवढा आग्रह.

मूलभूत हक्क ही संविधानाच्या तिसऱ्या भागाची मोठी टोपली. तिच्यात वरचं दोन्ही आहे, शिवाय अल्पसंख्याकांच्या शिक्षणसंस्थाही.

जाता जाता, ‘मानवी अधिकार’ही टाळा. मराठीत अधिकार अधिकाऱ्याकडे असतो, माणसाकडे हक्क असतो. टिळकांनीही जन्मसिद्ध हक्कच म्हटलं. ‘माहितीचा अधिकार’ तेवढा आता रुळला आहे.

आणि तुमच्या लेखात ‘मूलभूत हक्क रद्द झाले’ असं लिहू नका. जून 1975च्या आदेशाने कलम 14, 21 आणि 22च्या हक्कांसाठी कोर्टात दाद मागण्याची वाट बंद केली होती. हक्क संविधानात छापलेले तसेच होते. ‘नागरी स्वातंत्र्य हिरावलं गेलं’ हे वाक्य तिथे बरोबर बसेल.