घरातील संगीतनिर्मिती, हेडफोनची निवड आणि बारावीनंतरचा मार्ग

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. आपले सविस्तर पत्र मिळाले. आपली मुलगी गोव्यातील डिचोलीत बारावीच्या कला शाखेत आहे, सहा वर्षे हार्मोनियम शिकली आहे, गावच्या भजनात गाते आणि गेल्या वर्षापासून भावाच्या लॅपटॉपवर मोबाइलचे इअरफोन लावून स्वतःची गाणी तयार करते, असे आपण कळवले आहे. तिला ₹ 30,000 चा बिनतारी, बाहेरचा गोंगाट दाबणारा हेडफोन हवा आहे, घरात या शिक्षणासाठी एकूण ₹ 45,000 बाजूला ठेवलेले आहेत आणि तिच्या वडिलांचे म्हणणे असे की आधी पदवी, मग हे सारे. हेडफोन कोणता घ्यावा, या वाटेवर पोटापाण्याची सोय आहे का आणि तासन्‌तास हेडफोन लावल्याने कान बिघडतील का, हे आपले तीन प्रश्न आहेत. हेडफोनचे उत्तर मी आधी देते, कारण खरेदीचा निर्णय तोंडावर आहे आणि हेडफोन समजून घेताना या कामाचे स्वरूपही आपोआप उलगडत जाते.

तो ₹ 30,000 चा हेडफोन घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रवासात गाणी ऐकण्यासाठी तो उत्तमच असेल, परंतु ध्वनिमुद्रणाच्या वेळी ब्लूटूथमधून येणारा आवाज बहुधा 100 मिलिसेकंदांहून अधिक उशिरा कानात पोहोचतो. मिनिटाला 120 मात्रांची लय धरली, तर एक मात्रा 500 मिलिसेकंदांची होते, म्हणजे 125 मिलिसेकंदांचा विलंब पाव मात्रेइतका झाला. आणि पाव मात्रा मागे ऐकू येणाऱ्या ठेक्यावर सूर धरून गाणे किती अवघड असते, हे भजनात गाणाऱ्या मुलीला वेगळे सांगायला नको. तारेच्या हेडफोनला ही अडचण नाही. आवाजाचे सेकंदाला 48,000 नमुने (क्षणोक्षणीची मोजमापे) घेणाऱ्या यंत्रणेत 128 नमुन्यांचा बफर, म्हणजे एका वेळी साठवून पुढे पाठवला जाणारा तुकडा, जेमतेम 2.7 मिलिसेकंदांचा असतो आणि आवाजाच्या येण्याजाण्याचा वेळ धरूनही एकूण विलंब गाणाऱ्याला जाणवणार नाही इतका कमी ठेवता येतो.

दुसरे कारण मला याहून महत्त्वाचे वाटते. बाजारात श्रोत्यांसाठी मिळणाऱ्या बऱ्याच हेडफोनमध्ये खर्ज मुद्दाम वाढवलेला असतो, कारण तो कानाला सुखावतो. आता समजा, आपल्या मुलीने चतुर्थीच्या आरतीचे मिक्सिंग (वाद्ये व आवाज यांचे प्रमाण साधून ते एकत्र करण्याचे काम) अशा हेडफोनवर केले. घुमट या मातीच्या तालवाद्याचा घुमारा तिला अवाजवी मोठा ऐकू येईल, म्हणून ती तो कमी करील. कासाळ्यांचा, म्हणजे मोठ्या झांजांचा, नाद दबलेला वाटला, तर तो वाढवील. तीच आरती मंडपातल्या किंवा मोटारीतल्या स्पीकरवर लावली की घुमट पोकळ आणि कासाळी कर्कश ऐकू येतील. हेडफोनमध्ये जी चूक असते, तिची नेमकी उलटी चूक गाण्यात उतरते. म्हणूनच मिक्सिंगसाठी आवाज शक्यतो जसा आहे तसा, रंग न चढवता ऐकवणारा हेडफोन लागतो आणि असा हेडफोन पहिल्या दिवशी अनेकांना कोरडा व नीरस वाटतो. तिलाही तसे वाटले तर तिने निराश होऊ नये. पंधरा-वीस दिवसांत कान त्याला सरावतात.

अशा हेडफोनचे दोन मुख्य प्रकार आहेत. क्लोज्ड-बॅक प्रकारात कानावरच्या वाटीची पाठ बंद असते. त्यामुळे आतला आवाज बाहेर फारसा जात नाही व बाहेरचा आत येत नाही. गाताना हेडफोनमधला ठेका मायक्रोफोनमध्ये शिरू नये म्हणून ध्वनिमुद्रणाला हाच प्रकार वापरतात. ओपन-बॅक प्रकारात पाठीला जाळी असते, हवा खेळती राहते, आवाज अधिक मोकळा व नैसर्गिक वाटतो, कान कमी तापतात आणि म्हणून दीर्घकाळ मिक्सिंग करायला तो सोयीचा पडतो. मात्र त्यातून आवाज दोन्ही दिशांनी झिरपतो. जिथे दोन्ही घेणे परवडते, तिथे गायनाला पहिला आणि मिक्सिंगला दुसरा, अशी विभागणी असते. आपल्या घरी धाकटा मुलगा त्याच खोलीत अभ्यास करतो आणि घर रस्त्याला लागून आहे, असे आपण लिहिले आहे. शिवाय जून ते सप्टेंबर कौलांवर कोसळणारा पाऊस आहेच. या परिस्थितीत पहिला हेडफोन क्लोज्ड-बॅकच असावा, असे मी ठामपणे सांगते. ओपन-बॅकचा विचार वर्षभराने करावा.

सोनीचा एमडीआर-7506 हा 1991 पासून बाजारात असलेला आणि ध्वनिमुद्रणाच्या कामात जगभर वापरला जाणारा क्लोज्ड-बॅक हेडफोन आहे. त्याचा वरच्या पट्टीतला आवाज काहीसा टोकदार आहे, त्यामुळे स, श यांसारख्या वर्णांचा फुत्कार आणि श्वासाचे दोष त्यात चटकन पकडता येतात. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम40एक्स हा त्यामानाने समतोल मानला जातो. बेयरडायनॅमिकचा डीटी 770 प्रो मखमली गाद्यांमुळे फार आरामदायक आहे, पण घेताना इम्पिडन्स, म्हणजे विद्युतप्रवाहाला होणारा विरोध, पाहून घ्यावा: तो 32, 80 आणि 250 ओहम अशा प्रकारांत मिळतो, आणि 250 ओहमचा हेडफोन लॅपटॉपला थेट जोडला तर आवाज अपुरा पडण्याची शक्यता असते. सेनहायझरचा एचडी 600 हा 300 ओहमचा ओपन-बॅक हेडफोन मिक्सिंगसाठी मान्यता पावलेला आहे. तो पुढे कधीतरी घ्यावा. पहिल्या दोहोंपैकी जो तिच्या डोक्याला दोन तास टोचणार नाही, तो घ्या. शक्य असल्यास पणजी किंवा मडगावच्या एखाद्या वाद्यांच्या दुकानात तिला नेऊन, तिच्या ओळखीचीच दोन-तीन गाणी लावून ऐकू द्या.

पैशांची वाटणी मी अशी सुचवीन. हेडफोनला ₹ 12,000 च्या वर जाऊ नये. दोन वाहिन्यांचा ऑडिओ इंटरफेस (मायक्रोफोन व हेडफोन लॅपटॉपला जोडणारी पेटी) आणि एक साधा कंडेन्सर मायक्रोफोन यांना मिळून ₹ 22,000 पर्यंत ठेवावेत. कंडेन्सर मायक्रोफोनला 48 व्होल्टचा फँटम पुरवठा (मायक्रोफोनच्या केबलमधूनच मिळणारी वीज) लागतो, तो इंटरफेसमध्ये आहे याची खात्री करून घ्यावी. केबल, स्टँड आणि पॉप फिल्टरला (गाताना फुंकर थोपवणाऱ्या जाळीला) ₹ 3,000 पुरतील. उरलेले ₹ 8,000 लगेच खर्च करू नयेत. सॉफ्टवेअरवर सुरुवातीला मोठा खर्च करण्याची गरज नाही. रीपर हे ध्वनिमुद्रण व मिक्सिंगचे सॉफ्टवेअर 60 दिवस पूर्ण स्वरूपात वापरून पाहता येते, नंतरचा वैयक्तिक परवाना 60 डॉलरचा आहे आणि ते जुन्या लॅपटॉपवरही नीट चालते. एक गोष्ट आपल्या हवेसाठी सांगते. इथल्या दमटपणाने मायक्रोफोनची पातळ पटले आणि हेडफोनच्या कृत्रिम चामड्याच्या गाद्या लवकर खराब होतात, म्हणून काम झाले की दोन्ही वस्तू सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. गडगडाट सुरू झाला की इंटरफेस व लॅपटॉपचे प्लग विजेच्या सॉकेटमधून काढून टाकावेत.

हेडफोन कितीही चांगला असला तरी त्याला एक अंगभूत मर्यादा आहे आणि ती तिला आत्ताच माहीत असावी. समोर दोन स्पीकर असतात तेव्हा डाव्या स्पीकरचा आवाज थोड्या विलंबाने उजव्या कानालाही ऐकू येतो, खोलीच्या भिंतींवरून तो परततो आणि खर्ज अंगालाही जाणवतो. हेडफोनमध्ये डावे फक्त डाव्या कानात, उजवे फक्त उजव्या कानात. त्यामुळे वाद्ये प्रत्यक्षापेक्षा जास्त दूर पसरलेली वाटतात, मधला गायकाचा आवाज डोक्याच्या आत आल्यासारखा भासतो आणि प्रतिध्वनी किती घालावा याचा अंदाज चुकतो. यावर उपाय म्हणजे तेच मिक्स मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर, मोटारीत, स्वस्त इअरफोनवर आणि दोन्ही वाहिन्या एकत्र करून, म्हणजे मोनोमध्ये, ऐकणे. गावच्या देवळातला कर्णा बहुधा मोनोच असतो. तिथे एखादे वाद्य नाहीसे झाले, तर मिक्समध्ये काहीतरी चुकले आहे असे समजावे.

काही वर्षांपूर्वी मार्गदर्शनासाठी माझ्याकडे आलेल्या एका मुलाने अठरा महिन्यांत चार हेडफोन बदलले होते आणि प्रत्येक वेळी आधीची गाणी त्याला चुकीची वाटू लागली होती. शेवटी त्याने सर्वांत जुना हेडफोन ठेवून बाकीचे विकले आणि तेव्हापासून त्याचे काम स्थिरावले. आपल्या मुलीने एकच हेडफोन घेऊन वर्षभर फक्त त्याच्यावरच काम करावे, हा माझा आग्रह आहे. तिने आपल्या आवडीची, चांगली ध्वनिमुद्रित झालेली दहा गाणी निवडावीत, त्यांतली निदान तीन मराठी किंवा कोकणी असावीत, आणि रोज एक गाणे मंद आवाजात ऐकून वहीत लिहावे की तबला किंवा ढोलक कुठे ठेवला आहे, आवाजाभोवती किती प्रतिध्वनी आहे, खर्ज कुठून सुरू होतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये दाखवून दिले की आवाजाची पातळी बदलली की कानाला खर्ज आणि तार स्वर वेगळ्या प्रमाणात ऐकू येतात. मोठ्या आवाजात सगळेच भरदार वाटते आणि निर्णय फसतात. म्हणून स्वतःचे मिक्स नेहमी एकाच मध्यम पातळीवर ऐकावे आणि तुलनेचे गाणे लावताना दोघांचा आवाज सारखा करून घ्यावा. ध्वनिमुद्रण 24 बिटवर करावे आणि सर्वांत मोठ्या आवाजाच्याही वर, यंत्रणेच्या कमाल मर्यादेपर्यंत, 6 ते 12 डेसिबल मोकळे राहू द्यावेत.

आता पोटापाण्याविषयी. केवळ स्वतःची गाणी इंटरनेटवर टाकून घर चालेल, असे मी कोणत्याही पालकाला सांगणार नाही. मात्र या कौशल्याला गोव्यात नियमित मागणी आहे: भजनी मंडळांची ध्वनिमुद्रणे, तियात्रांतील (कोकणी संगीतनाट्यांतील) गीते, जत्रेतल्या मराठी नाटकांचे पार्श्वसंगीत, शाळांची स्नेहसंमेलने, पर्यटनाच्या चित्रफिती, ध्वनिपुस्तके आणि पॉडकास्ट यांसाठी संपादन जाणणारी माणसे लागतात. अँथनी गोन्साल्विस आणि सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्या गोमंतकीय वादकांनी मुंबईच्या चित्रपट संगीतात वाद्यमेळाची रचना करून दाखवली, ती स्वरलिपी आणि अनेक वाद्यांचा स्वभाव ठाऊक असल्यामुळे. आज वाद्यरचना, ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंग ही तिन्ही कामे बऱ्याचदा एकाच माणसाला करावी लागतात. म्हणून हार्मोनियम सोडू नये आणि पाश्चात्त्य स्वरलिपी व कॉर्डही (एकत्र वाजवले जाणारे स्वरसमूह) शिकून घ्याव्यात. पणजीतील कला अकादमीत भारतीय व पाश्चात्त्य अशा दोन्ही संगीताचे शिक्षण मिळते.

पदवीबाबत मी तिच्या वडिलांच्या बाजूने आहे, पण ‘मग हे सारे’ या त्यांच्या शब्दांशी सहमत नाही; दोन्ही एकत्र चालले पाहिजे. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमधील आणि कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेतील ध्वनिमुद्रण व ध्वनिसंयोजनाच्या अभ्यासक्रमांना पदवी झाल्यावर, प्रवेश परीक्षेद्वारे जाता येते. तिथे प्रयत्न करायचा असेल तर पदवी ही अट आहे. गोवा संगीत महाविद्यालयात संगीताचीच पदवी घेणे हा तिच्यासाठी मला सर्वांत सरळ मार्ग वाटतो. पदवीच्या तीन-चार वर्षांत तिच्याकडे स्वतः ध्वनिमुद्रित केलेली, वेगवेगळ्या प्रकारची आठ-दहा कामे जमली पाहिजेत, कारण या क्षेत्रात काम देणारा माणूस प्रमाणपत्राआधी तीच ऐकतो. पहिली दोन-तीन कामे ओळखीत विनामोबदला केली तरी चालतील. त्यानंतर प्रत्येक कामाचा मोबदला, श्रेय आणि मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी कोणाकडे राहील, हे आधी लेखी ठरवावे. परंपरेने चालत आलेली आरती सर्वांची असते, पण तिच्या एखाद्या प्रसिद्ध ध्वनिमुद्रणातला तुकडा परवानगीविना उचलता येत नाही, हेही तिला सांगा.

सुरुवातीचे काम म्हणून येत्या चतुर्थीला घरची आरती ध्वनिमुद्रित करायला सांगावे. घुमट, शामेळ हे दुसरे तालवाद्य, कासाळी आणि वीस माणसांचा आवाज एका खोलीत एकत्र येतो, तेव्हा मायक्रोफोन कुठे ठेवावा हा प्रश्न कठीण होतो. 2019 मध्ये राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता मिळालेल्या घुमटाचे चांगले ध्वनिमुद्रण करता येणे हे गोव्यात वेगळे ओळखले जाणारे कौशल्य ठरू शकते. मायक्रोफोन एकदा घुमटाच्या चामड्याच्या बाजूला, एकदा मोकळ्या तोंडाकडे आणि एकदा पाच-सहा फुटांवर ठेवून तीनदा मुद्रण करावे आणि नव्या हेडफोनवर तिन्ही ऐकून फरक वहीत लिहावा.

कानांविषयीची आपली काळजी योग्य आहे. धोका आवाजाची पातळी आणि वेळ यांच्या गुणाकारातून येतो. कामाच्या ठिकाणांसाठी अमेरिकेच्या नियॉश संस्थेने सुचवलेली मर्यादा 85 डेसिबलला दिवसाचे 8 तास अशी आहे आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे 94 डेसिबलला केवळ 1 तास. जागतिक आरोग्य संघटना ऐकण्यासाठी आठवड्याला 80 डेसिबलचे 40 तास ही मर्यादा सांगते. हेडफोन लावलेला असताना हाताच्या अंतरावरच्या माणसाचे बोलणे अजिबात समजत नसेल, तर आवाज बहुधा जास्त आहे. क्लोज्ड-बॅकमध्ये बाहेरचे बोलणे तसेही दबते, म्हणून तिथे आवाज कमी-जास्त करण्याच्या खुंटीची एक ठराविक जागा चिकटपट्टी लावून निश्चित करावी. पाऊण तास काम झाले की दहा मिनिटे कान मोकळे ठेवावेत. कानात शीळ वाजल्यासारखा आवाज राहिला, तर त्या दिवशीचे काम थांबवावे, आणि तो दुसऱ्या दिवशीही टिकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. हेडफोन घरी येण्यापूर्वीच एकदा तिची ऑडिओमेट्री (श्रवणचाचणी) करून तो अहवाल जपून ठेवा. पुढे दरवर्षी त्याच्याशी ताडून पाहता येईल.

आपली,
करिअर मार्गदर्शक