होडी कोपऱ्यात पळते, पालखी मागं येते

प्रश्न: सर, गोव्यातल्या सप्तकोटेश्वरावर छोटा व्हिडिओ करतोय. दिवाडी बेटावरचं देऊळ पोर्तुगीजांनी पाडलं, देव नदीपलीकडं नार्व्याला आला आणि तिथलं देऊळ १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी नव्यानं बांधायला लावलं, हे नकाशावर होडी नेऊन दाखवायचंय. आफ्टर इफेक्ट्स या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये पेन टूलनं नदीतून वाट काढली, होडीच्या पोझिशनला पेस्ट केली, तर होडी वरच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन फिरते, अर्धी स्क्रीनबाहेर! आणि वळणावर खेकड्यासारखी आडवीच सरकते. काय चुकतंय? (एक वाचक, डिचोली)

उत्तर: वाट बरोबर आहे हो, काढलीत ती शेप लेयरवर, म्हणजे आकार काढायच्या थरावर, तिथंच घोळ आहे. शेप लेयर आपलं शून्य धरतो स्क्रीनच्या मधोमध आणि पोझिशन मोजली जाते वरच्या डाव्या कोपऱ्यापासून, मग १९२० बाय १०८० च्या कॉम्पमध्ये, म्हणजे व्हिडिओच्या चौकटीत, सगळी वाट ९६० डावीकडं आणि ५४० वर सरकणारच ना. मी पहिल्यांदा केलं तेव्हा अख्खी रात्र नकाशाच हलवत बसलो होतो. सोपा उपाय म्हणजे कॉम्पच्याच मापाचा सॉलिड, म्हणजे एकरंगी लेयर, घ्या, तो निवडलेला ठेवून पेननं वाट काढा म्हणजे ती मास्क, म्हणजे त्या लेयरवरचीच रेघ, होते आणि मोजमाप जुळतं. मग एम दाबून मास्क पाथ हा शब्द निवडून कॉपी करा, होडीवर पी दाबून पोझिशन हा शब्द निवडा आणि पेस्ट. शब्दच निवडायचा, नुसता लेयर निवडून पेस्ट केलं की भलतंच होतं. पोझिशनचे एक्स-वाय वेगळे केलेले असतील तर आधी एकत्र करा, नाहीतर पेस्ट होणार नाही.

आधीची वाट मेहनतीनं काढली असेल तर मोडू नका. होडीला त्या शेप लेयरचं पेरेंट द्या, म्हणजे होडी त्या लेयरला बांधा, आणि मग पेस्ट करा, होडी आपोआप शेपच्याच हिशोबानं चालते.

पेस्ट झाल्यावर सगळा प्रवास दोन सेकंदात संपतो, त्याला घाबरू नका. शेवटची कीफ्रेम, म्हणजे होडी कुठल्या वेळी कुठं असेल त्याची खूण, टाइमलाइनवर पुढं ओढा, मधले छोटे गोल ठिपके आपोआप पसरतात आणि वेग सारखा राहतो. पहिल्या आणि शेवटच्या कीफ्रेमला एफ ९ दाबा म्हणजे सुरुवात आणि शेवट हळुवार होतो, कुठलीही होडी धक्क्यावरून एकदम सुसाट सुटत नाही. वाटेवर ठिपके दाट तिथं हळू, विरळ तिथं जोरात, एवढं बघितलं तरी वेगाचा अंदाज येतो.

खेकड्याचं औषध म्हणजे लेयर मेनूत ट्रान्सफॉर्म, त्यात ऑटो-ओरिएंट, तिथं वाटेच्या दिशेनं वळणारा पर्याय. सॉफ्टवेअर चित्राची उजवी बाजू पुढची समजतं, होडीचं टोक वर असेल तर रोटेशन नव्वद डिग्री द्या.

प्रश्न: जत्रेच्या व्हिडिओत पालखी वाड्यात, म्हणजे वस्तीत, फिरवलीय, चार घरांसमोर थांबवायचीय. पण दोन सारख्या कीफ्रेम ठेवल्या तरी ती थोडी पुढं जाऊन मागं येते. ऑटो-ओरिएंट लावलं तर डावीकडं जाताना पालखी चक्क उलटीच होते! (एक वाचक, माशेल)

उत्तर: सॉफ्टवेअर वाट आपोआप वक्र करतं, त्यामुळं त्या दोन कीफ्रेममध्येसुद्धा ते एक छोटी गोलाई घुसवतं. पहिलीवर राइट क्लिक करून टॉगल होल्ड कीफ्रेम निवडा, पालखी जाग्यावर राहते. मधल्या कीफ्रेम गोल ठिपक्यासारख्या दिसत असतील तर त्या तरंगत्या आहेत, आधी रोव्ह अक्रॉस टाइमची खूण काढा मगच होल्ड जमेल. पुढच्या कामासाठी प्रेफरन्सेसमध्ये वाट डिफॉल्टनं सरळ ठेवायची सोय आहे, ती लावा, मी तर तीच लावून बसतो.

ऑटो-ओरिएंट मात्र पालखीला अजिबात नको. होडी तुम्ही वरून बघताय म्हणून ती वळली पाहिजे, पालखी बघताय बाजूनं, ती वळली की भोई बिचारे डोक्यावर चालणार. तिला फक्त झोका द्या, रोटेशनला अधूनमधून दोन डिग्री इकडं दोन तिकडं. पाच केलीत की ती पण होडीच वाटायला लागते.