विंडोजचा पाथ, लिनक्सचा सर्व्हर

प्रश्न: आमच्या यंत्रमाग कारखान्याची बिलं विंडोजवर तयार होतात आणि त्यांची यादी लिनक्स सर्व्हरवर जाते. तिथे पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या ओएस.पाथ.बेसनेम फंक्शनने मी पाथमधून, म्हणजे फाइलच्या पूर्ण पत्त्यातून, फाइलचं नाव काढतो. 'डी:\बिले\एप्रिल\बिल१२.पीडीएफ' दिलं की घरच्या विंडोजवर 'बिल१२.पीडीएफ' मिळतं, सर्व्हरवर अख्खा पाथ जसाच्या तसा परत येतो. डॉक्युमेंटेशनमध्ये तर याबद्दल काहीच नाही. बॅकस्लॅश बदलून सरळ स्लॅश करून टाकू का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: आहे हो, पण पानाच्या अगदी वर. सगळे शोधून थेट हव्या त्या फंक्शनवर जातात, वरचा मजकूर कोण वाचतो? तिथे म्हटलंय की पाथ लिहायची रीत प्रत्येक सिस्टिमची वेगळी, म्हणून या मॉड्यूलच्या (तयार फंक्शनच्या संचाच्या) आवृत्त्याही वेगवेगळ्या, आणि ओएस.पाथ म्हणजे पायथॉन ज्या सिस्टिमवर चालतोय तिची आवृत्ती. विंडोजवर ती एनटीपाथ, लिनक्स आणि मॅकवर पॉझिक्सपाथ. पाथ कुठल्या कॉम्प्युटरवरून आलाय, याच्याशी तिला काही देणंघेणं नाही.

लिनक्सच्या लेखी बॅकस्लॅश हे नावातलं एक साधं अक्षर. फाइलच्या नावात फक्त सरळ स्लॅश आणि शून्य बाइट चालत नाहीत, बाकी सगळं चालतं. त्यामुळे तुमची अख्खी ओळ हेच एका फाइलचं नाव ठरतं. त्याच नावाने फाइल लिहायला घेतलीत तर एररही येणार नाही, 'डी:\बिले\एप्रिल\बिल१२.पीडीएफ' एवढ्या लांब नावाची एकच फाइल मुकाट्याने तयार होईल. फोल्डर एकही नाही.

ही बॅकस्लॅशची भानगड १९८३ची. विंडोजच्या आधीच्या एमएस-डॉस सिस्टिमच्या २.० आवृत्तीत फोल्डर आले, तेव्हा सरळ स्लॅश कमांडच्या पर्यायांसाठी आधीच वापरात होता.

स्लॅश बदलू नका. लिनक्सवरच्या एखाद्या फाइलच्या नावात खरोखरच बॅकस्लॅश असला तर तिची वाट लागेल. तुमची यादी कायम विंडोजवरूनच येते ना? मग सर्व्हरवर एनटीपाथ इम्पोर्ट करून त्यातलं बेसनेम वापरा. तो मॉड्यूल लिनक्सवरही चालतो, शिवाय त्याला दोन्ही स्लॅश कळतात. पाथलिब या पायथॉनच्या दुसऱ्या पाथ-मॉड्यूलची सवय असेल तर प्युअरविंडोजपाथ घ्या आणि त्याचं नेम वाचा. फाइलच्या पाथसाठी फरक पडत नाही.

माझं स्पष्ट मत: ही सूचना प्रत्येक फंक्शनखाली एका ओळीत पुन्हा द्यायला हवी होती. बेसनेमखाली टीप आहे, पण ती निराळीच: '/बिले/एप्रिल/' दिलं तर युनिक्सची बेसनेम कमांड 'एप्रिल' देते, पायथॉनचं फंक्शन रिकामी स्ट्रिंग, म्हणजे एकही अक्षर नाही. उपयोगी आहे, पण तुमच्यासारखे अडकतात ते भलतीकडेच.

त्याच पानावर पाथचे भाग जोडणाऱ्या जॉईन फंक्शनखालचा मजकूर मात्र नीट वाचा, कारण पुढची ठेच तिथे लागणार आहे. लिनक्सवर दुसरा भाग सरळ स्लॅशने सुरू झाला की पहिला टाकून दिला जातो: '/बिले' आणि '/एप्रिल' जोडून फक्त '/एप्रिल' मिळतं. बाहेरून आलेलं नाव न तपासता जोडणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं. विंडोजवर 'डी:' ला 'बिले' जोडलं तर 'डी:बिले' येतं, मध्ये स्लॅश नाही. हा बग नव्हे. विंडोज प्रत्येक ड्राइव्हचा चालू फोल्डर वेगळा लक्षात ठेवतं, आणि 'डी:बिले' म्हणजे डी ड्राइव्हच्या चालू फोल्डरमधलं 'बिले'. ड्राइव्हच्या मुळाशी असलेलं 'बिले' हवं असेल तर पहिला भाग 'डी:\' असा द्या. आणि पायथॉनच्या कोडमध्ये तो बॅकस्लॅश दोनदा लिहा, नाहीतर तो शेवटचं अवतरणचिन्ह गिळतो.