वाचक विचारतात : सरांच्या नावानं व्याख्यानमाला

प्रश्न : आमच्या अर्थशास्त्राच्या सरांचं निधन झालं. माजी विद्यार्थ्यांनी मिळून ५ लाख रुपये जमवलेत. ही रक्कम शिवाजी विद्यापीठाकडे ठेवून दरवर्षी सरांच्या नावानं जाहीर व्याख्यान होईल का? (राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : होईल, पण मुद्दल आहे तेवढंच राहिलं तर दहा-पंधरा वर्षांत ओढाताण सुरू होईल. मुदत ठेवीवर साडेसहा टक्के व्याज धरलं तर वर्षाला ३२,५०० रुपये हातात येतात. बाहेरगावच्या वक्त्याचा प्रवास, मुक्काम, मानधन, सभागृह, ध्वनिक्षेपक आणि पत्रिका एवढ्यात काटकसरीनं बसेल. पण महागाई ५ टक्के धरा : चौदा वर्षांनी याच ३२,५०० रुपयांची किंमत निम्मी झालेली असेल. मुद्दलाची किंमत टिकवायची तर त्यात दरवर्षी २५,००० रुपये परत घालावे लागतील आणि खर्चाला उरतील ७,५००. हाच खरा व्याजदर, दीड टक्का. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाच्या नावाचा निधी उभारताना नेमका हाच धडा विसरला जातो, हे जरा गमतीचं आहे.

त्यातून वाट तीन तऱ्हांनी निघते. २० लाख जमवा, म्हणजे महागाई वजा जाता दरवर्षी ३०,००० सुटतील. ते जमत नसेल तर व्याख्यान एक वर्षाआड घ्या आणि मधल्या वर्षाचं सगळं व्याज मुद्दलात टाका. किंवा माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात दर तीन-चार वर्षांनी भर घाला. तिसरी वाट कागदावर सोपी दिसते. पहिल्या उत्साहानंतर वर्गणी आटते, म्हणून तिच्यावर भिस्त ठेवू नका. तुमच्या ५ लाखांना आम्ही दुसरी वाट, म्हणजे एक वर्षाआड व्याख्यान, सुचवू.

प्रस्ताव कुलसचिवांकडे लेखी द्यायचा; देणगी स्वीकारण्याचा निर्णय व्यवस्थापन परिषदेचा. अटी देणगीपत्रातच लिहून घ्या : व्याख्यानमालेचं नेमकं नाव, विषयाची व्याप्ती, वक्ता कोण ठरवणार आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे एखाद्या वर्षी व्याख्यान झालंच नाही तर त्या वर्षीच्या व्याजाचं काय. ते मुद्दलात जमा व्हावं, असं स्पष्ट लिहा. हे वाक्य नसलं की पैसे नुसते पडून राहतात आणि विभागप्रमुख बदलला की कुणाला आठवतही नाही. विषय फार आवळू नका. ‘सहकारी पतपुरवठा’ एवढाच ठेवलात तर पाचव्या वर्षी वक्ता शोधताना दमछाक होईल. ‘अर्थशास्त्र आणि ग्रामीण जीवन’ चालेल. देणगी चेकनं किंवा ऑनलाइन द्या : २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला प्राप्तिकरात वजावट नाही आणि ही वजावट जुनी करपद्धती निवडणाऱ्यांनाच मिळते.

प्रश्न : आमच्या कॉलेजात अशी व्याख्यानं होतात, पण पहिल्या दोन रांगा सोडल्या तर सभागृह रिकामं. लोक यावेत म्हणून काय करावं? (गडहिंग्लज)

उत्तर : आधी घड्याळ बघा. दीपप्रज्वलन, स्वागत, सत्कार आणि चार जणांच्या आठवणी यांत पाऊण तास जातो आणि वक्ता उभा राहतो तेव्हा लोक बसच्या वेळा बघत असतात. परिचय ५ मिनिटं, सरांविषयी एकानंच ७ मिनिटं, व्याख्यान ५०, प्रश्न २५. सत्कार शेवटी, तोही एकच.

कोल्हापुरात घेत असाल तर जागा बदलून बघा. विद्यानगरच्या विद्यापीठ आवारात संध्याकाळी शहरातला नोकरदार चढून येत नाही. दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात येतो.

विषय लोकांच्या खिशाला लागणारा हवा. उसाचंच घ्या. २०२५-२६ च्या हंगामाचा रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे कारखान्यानं शेतकऱ्याला द्यायचा किमान भाव, क्विंटलला ३५५ रुपये, तो १०.२५ टक्के उताऱ्याला (उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण). पुढच्या दर ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये वाढतात. उतारा १२.२५ असेल तर ६९.२० रुपये जास्त, म्हणजे टनाला ४,२४२. त्यातून तोडणी-वाहतूक वजा. एवढा हिशोब फळ्यावर मांडून मग वक्त्यानं विचारावं, की साखरेचा भाव पडला तर हा दर कुणाच्या खिशातून जातो? तिथून किंमत, हमी आणि कर्ज या सगळ्या सिद्धांतांत शिरता येतं. साठ स्लाइड आणलेल्या वक्त्याला हे जमत नाही, म्हणून निमंत्रणातच स्लाइड बाराच्या आत आणि भाषा मराठी, असं कळवा. निमंत्रण चार महिने आधी जावं.

आणि लेखी मसुदा मागा. ५० मिनिटांचं भाषण म्हणजे साधारण ५,००० शब्द. पुण्याच्या गोखले संस्थेच्या काळे स्मृती व्याख्यानात डॉ. आंबेडकर २९ जानेवारी १९३९ रोजी संघराज्याच्या प्रश्नावर बोलले. ते छापलं गेलं म्हणून आजही वाचता येतं. नुसतं रेकॉर्डिंग ठेवलंत तर तीन वर्षांनी ते कुठल्या पेनड्राइव्हमध्ये आहे, हे शोधत बसाल.

प्रश्न : मी यंत्रमाग चालवतो, अर्थशास्त्र शिकलेलो नाही. अशा व्याख्यानात प्रश्न विचारला तर चालेल का? (इचलकरंजी)

उत्तर : जरूर विचारा. चिठ्ठीवर दोन ओळींत लिहा, त्यात तुमचा एक आकडा घाला : सुताचा भाव, विजेचं बिल, काहीही. ‘सरकारनं काय करावं?’ असं विचारलंत तर गोलगोल उत्तर मिळेल. ‘सूत किलोला दहा रुपयांनी चढलं आणि कापडाचा भाव जागेवरच राहिला, असं का?’ याला वक्त्याला खरंच विचार करून बोलावं लागेल.