व्हायवॅक्स मलेरिया पुन्हा पुन्हा उलटतोय? आधी प्रायमाक्विनच्या स्ट्रिपवरचा आकडा बघा

तुमच्या भावाला जून, ऑगस्ट आणि ऑक्टोबर असा तीनदा व्हायवॅक्स (मलेरियाचा एक प्रकार) निघाला, आणि औषध घेऊनही तो का उलटतोय, हा तुमचा प्रश्न. दर वेळी क्लोरोक्विनने (रक्तातले जंतू मारणारं औषध) दोन दिवसांत ताप उतरला. 'प्रायमाक्विनही चौदा दिवस घेतलं, रोज एक गोळी' असं तुम्ही लिहिलंय. प्रायमाक्विन म्हणजे लिव्हरमध्ये लपलेले जंतू मारून ताप उलटणं थांबवणारं औषध. माझी नजर त्या 'एक गोळी'वरच अडली, कारण आमच्या घरी नेमकं हेच झालं होतं.

प्रायमाक्विनच्या गोळ्या २.५, ७.५ आणि १५ मिलीग्रॅम अशा वेगवेगळ्या ताकदीच्या येतात. चिठ्ठीवर मिलीग्रॅम न लिहिता नुसतं 'रोज १, १४ दिवस' लिहिलं आणि दुकानदाराने ७.५ची स्ट्रिप दिली, की कोर्स पूर्ण होतो पण डोस निम्माच पोटात जातो. आपल्याकडे प्रौढांना रोज १५, म्हणजे चौदा दिवसांत २१० मिलीग्रॅम देतात. ७.५ची एकेक गोळी घेतली तर होतात फक्त १०५. लिव्हरमध्ये झोपून राहिलेले जंतू मरतात ते एकूण डोसवर. दिवस मोजून काही होत नाही.

भावाचं वजन तुम्ही ८४ किलो दिलंय. किलोमागे ०.२५ मिलीग्रॅम धरलं तर रोजचे २१ होतात. सरसकट १५ दिले तरी त्याला कमीच पडणार. वजनाप्रमाणे डोस काढायला डॉक्टरांना स्पष्ट सांगा. एरवी कुणी वजनकाट्यावर उभंही करत नाही.

ज्या दवाखान्यात आम्ही परत गेलो तिथे 'नवा डास चावला असेल' म्हणून पुन्हा फक्त क्लोरोक्विनच दिलं. जुन्या गोळ्या कोणत्या होत्या, हे कुणीही विचारलं नाही. याचा राग अजून जात नाही. नवा डास की जुने जंतू, हे रक्ताच्या काचेवरून कळत नाही हे मान्य. पण दोन्हींत उपचार एकच आहे: क्लोरोक्विन आणि त्यासोबत पूर्ण प्रायमाक्विन. मग ते टाळायचं कारण काय? क्लोरोक्विन रक्तात कित्येक आठवडे रेंगाळतं. त्यामुळे उलटलेला ताप बहुधा महिना-दोन महिने दबून राहतो, आणि तोवर सगळ्यांना वाटतं, बरा झाला. तुमचं दोन-दोन महिन्यांचं अंतर त्यात बसतं.

दुसरी एक गल्लत: प्रायमाक्विन 'एकदाच ४५ मिलीग्रॅम' हा डोस फाल्सिपॅरमचा (मलेरियाचा दुसरा प्रकार) आहे, आणि तिथे त्याचं काम वेगळं, डासांकडे जाणारे जंतू मारण्याचं. व्हायवॅक्समध्ये तेवढ्याने ताप उलटणं थांबत नाही.

प्रायमाक्विन सुरू करण्याआधी जी-सिक्स-पीडीची तपासणी करून घ्या. हे रक्तपेशींना जपणारं एन्झाइम; ते कमी असेल तर प्रायमाक्विनने रक्तपेशी फुटू शकतात. रिपोर्टमध्ये नुसतं 'नॉर्मल' नको, आकडा मागा, विशेषतः बाईमाणसाचा असेल तर. त्यांच्यात काठावरची कमतरता साध्या तपासणीत निसटू शकते. नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा रक्तपेशी फुटून गेल्या असतील, तर रिपोर्ट खोटा चांगला येऊ शकतो. कमतरता निघाली म्हणून सगळे मार्ग बंद होत नाहीत. आठवड्यातून एकदा, किलोमागे ०.७५ मिलीग्रॅम, असे आठ आठवडे देता येतात, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. गरोदर बायकांना आणि तान्ह्या बाळांना प्रायमाक्विन नाही.

गोळी भरल्या पोटी घ्यायची. उपाशीपोटी घेतली की पोटात पिळवटतं, आणि बरेच जण पाचव्या-सहाव्या दिवशी सोडतात ते त्यामुळेच. ताप गेलेला असतो, घरचेही आग्रह करत नाहीत. कॅलेंडरवर रोज खूण करा. लघवी कोऱ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे दिसले किंवा जिना चढताना धाप लागली, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

हे सगळं डॉक्टरांना विचारायचे प्रश्न म्हणून लिहिलंय. वाचून कुणी स्वतःच्या मनाने गोळ्या सुरू करू नका. आणि जाता जाता, इमारतीच्या गच्चीवरच्या टाक्यांची झाकणं तपासा. शहरात मलेरियाचा डास बहुतेक तिथल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो.

जुनी स्ट्रिप किंवा बिल सापडलं तर त्यावरचा मिलीग्रॅमचा आकडा इथे लिहा. बिलावर बहुतेक वेळा तो असतो.