गिटारवर ‘इळय निला’ : आधी चाल, मग कॉर्ड

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी सांगलीत राहतो, माझे वय 52 आहे. नोकरीनिमित्त चेन्नईत असलेल्या मुलीने गेल्या दिवाळीत मला अकूस्टिक गिटार दिली आणि ‘इळय निला’ हे तमिळ गाणे ऐकवले. ‘नीले नीले अंबर पर’ मी शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहे. त्याची चाल या गाण्यावरून आली आहे, हे मला तेव्हा कळले. तेव्हापासून हेच गाणे वाजवायचे, असा ध्यास लागला आहे. सहा-सात कॉर्ड्स (एकत्र वाजवायचे स्वरसमूह) आता बऱ्यापैकी बसल्या आहेत. इंटरनेटवर मिळालेला कॉर्ड्सचा तक्ता समोर ठेवून वाजवतो, कॉर्ड्स वेळेवर बदलतात, तरीही घरात कोणाला गाणे ओळखू येत नाही. शिवाय मूळ गाण्याची पट्टी माझ्या आवाजाला झेपत नाही. लहानपणी चार वर्षे पेटी शिकलो होतो, एवढीच शिदोरी आहे. काय चुकते आहे?

उत्तर : पेटीची चार वर्षे ही लहान शिदोरी नव्हे. या गाण्यापुरते तर मी म्हणेन की, गिटार आठवडाभर बाजूला ठेवावी आणि पेटी बाहेर काढावी. तसे का, ते सांगतो.

आपण तक्त्यावरून वाजवता तेव्हा उजवा हात सहाही तारांवरून एकदम फिरवत असणार. त्यातून गाण्याला आधार मिळतो. मात्र गाणाऱ्याचा आवाज वरून काढून घेतला, तर खाली उरणारा आधार शंभर गाण्यांना सारखाच लागू पडतो. त्यामुळे घरच्यांना गाणे ओळखू आले नाही, यात त्यांच्या कानांचा दोष नाही. त्यातही हे गाणे असे आहे की, त्याची ओळख आवाज सुरू होण्याआधीच गिटार करून देते, आणि तीही कॉर्ड फोडून, एकेक स्वर सुटा करून. ‘पयणंगळ मुडिवदिल्लै’ या 1982 च्या चित्रपटातले हे गाणे एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांनी गायिले, शब्द वैरमुत्तु यांचे आणि संगीत इळयराजा यांचे. चित्रपट मिळू लागण्याआधी इळयराजांनी सलील चौधरींकडे गिटारवादक म्हणून काम केले होते. ज्याने स्वतः हे वाद्य हातात धरून वर्षे काढली, तो संगीतकार गिटारला केवळ ताल धरायला बसवत नाही. तिला तो गाणाऱ्याच्या जोडीचा दुसरा आवाज मानतो. पुढच्याच वर्षी, 1983 मध्ये, ‘कलाकार’ या हिंदी चित्रपटासाठी कल्याणजी-आनंदजींनी ही चाल घेतली आणि किशोरकुमारांनी ती गायिली, तेव्हाही गिटार सोबत आलीच.

आता पेटीकडे वळू. गाण्याचा मुखडा तेवढा घ्या आणि तो गुणगुणत असताना, ओळ संपून आवाज जिथे विसावतो आणि घरी पोचल्यासारखे वाटते, तो स्वर पेटीवर शोधा. तो दाबून धरून अख्खा मुखडा म्हणून पाहा. तो स्वर सगळीकडे खाली शांत बसून राहिला, तर तोच आपला षड्ज. हे सापडले की ग, ध आणि नी कोमल धरून चाल बोटांनी चाचपडत काढा. गाणे मायनर वळणाचे आहे, म्हणजे आपल्याकडच्या आसावरी थाटाचेच स्वर तिथे आहेत. काढलेली चाल वहीत सरगमने, स्वतःच्या अक्षरात लिहा. दुसऱ्याने लिहिलेले नोटेशन उतरवून घेऊ नका. स्वर चुकला, खोडला आणि पुन्हा शोधला, की तो कायमचा आपला होतो.

वही भरली की गिटार हातात घ्या. तारा सर्वांत बारीक तारेपासून मोजायच्या, आणि फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्यांनी पडलेली घरे. पांढरी सहा हा षड्ज मानला, तर तो तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर मिळतो. तिथून रे म्हणजे मोकळी दुसरी तार, कोमल ग त्याच तारेचा पहिला फ्रेट, म तिसरा फ्रेट. प म्हणजे मोकळी पहिली तार, कोमल ध तिचा पहिला फ्रेट, कोमल नी तिसरा आणि तार षड्ज पाचवा. षड्जाच्या खाली उतरायचे, तर मोकळी तिसरी तार हा मंद्र कोमल नी आहे, आणि चौथ्या तारेच्या तिसऱ्या व दुसऱ्या फ्रेटवर अनुक्रमे कोमल ध आणि प आहेत. एवढ्या जागेत मुखडा एकेका स्वराने वाजवा. घरातल्यांना गाणे याच दिवशी ओळखू येईल, एकही कॉर्ड न वाजवता.

कॉर्ड्स यानंतर घ्यायच्या, आणि त्याही पाठ करायच्या नाहीत, स्वरांवरून समजून घ्यायच्या. याच षड्जावरून पाहिले तर ए मायनर म्हणजे सा, कोमल ग, प. डी मायनर म्हणजे म, कोमल ध, सा. एफ म्हणजे कोमल ध, सा, कोमल ग. सी म्हणजे कोमल ग, प, कोमल नी. आणि जी म्हणजे कोमल नी, रे, म. चालीतला जो स्वर लांब थांबतो, तो ज्या कॉर्डमध्ये आहे ती कॉर्ड आधी लावून पाहावी. दोन-तीन कॉर्ड्स जुळतील. त्यांतली कोणती हवी हे ध्वनिमुद्रणातली खर्जाची गिटार सांगते, म्हणून खालच्या आवाजाकडे कान द्यायची सवय लावा. पंचमावरची कॉर्ड मात्र जरा खोलात जाऊन पाहण्यासारखी आहे. ई मायनरमध्ये नी कोमल असतो, ई मेजरमध्ये तो शुद्ध होतो, आणि शुद्ध नी षड्जाच्या अर्ध्या सुरावर उभा असल्यामुळे घरी परतण्याची ओढ कितीतरी वाढते. तक्ते तयार करणारे इथे बहुधा सवयीने काहीतरी एकच लिहून मोकळे होतात. आपण त्या जागी थांबून दोन्ही निषाद गाऊन पाहा. पेटीवर बसलेल्या माणसाला उत्तर लगेच कळेल, आणि तक्ता चूक असेल तर तो निःशंकपणे खोडावा.

उजव्या हाताला सर्वांत जास्त वेळ द्या. अंगठ्याकडे सहावी, पाचवी आणि चौथी तार. तर्जनीकडे तिसरी, मधल्या बोटाकडे दुसरी आणि अनामिकेकडे पहिली, अशी वाटणी एकदा ठरली की ती मोडायची नाही. ए मायनर धरून पाचवी, तिसरी, दुसरी, तिसरी, पहिली, तिसरी, दुसरी, तिसरी अशा क्रमाने आठ आघात सावकाश वाजवा. हा सराव आहे, ध्वनिमुद्रणातला तुकडा नव्हे. परंतु तो तुकडा ज्या हाताने वाजतो, तो हात याच सरावाने तयार होतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेचे स्वर असेच अडखळत असत, आणि कारण कितीतरी दिवस माझ्याही लक्षात येत नव्हते. एके दिवशी मी त्यांच्या समोर न बसता शेजारी बसलो, तेव्हा दिसले की त्यांचा अंगठा प्रत्येक आघाताला तर्जनीच्या मागे, तळहातात शिरतो आहे आणि तर्जनी त्याला वाट करून देण्यासाठी थांबते आहे. अंगठा गिटारच्या मानेच्या दिशेला बोटाच्या दोन पेरांइतका पुढे ठेवायला सांगितला आणि त्याच संध्याकाळी स्वर एका ओळीत येऊ लागले. आपणही आरशासमोर बसून एवढे एकदा तपासा.

डाव्या हाताचा एकच नियम पुरेसा आहे. पुढची कॉर्ड येईपर्यंत एकही बोट उचलायचे नाही. फोडलेल्या कॉर्डचे सौंदर्य आधीचा स्वर पुढच्या स्वरात मिसळत जाण्यात आहे. बोट लवकर सुटले की तो स्वर मरतो आणि वाजवणे टंकलेखनासारखे तुटक होते. मेट्रोनोम मिनिटाला 50 ठोक्यांवर लावा, आणि सलग पाच वेळा न अडखळता वाजले तरच 4 ठोके वाढवा. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये गाण्याची पट्टी न बदलता गती निम्मी करता येते, त्याचा भरपूर उपयोग करा.

राहिला पट्टीचा प्रश्न. आपल्याला कोणती पट्टी सोयीची पडते हे पेटीवर ठरवा, मग कॅपो, म्हणजे मानेवर सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावा. कॅपो एक फ्रेट पुढे सरकला की सूर अर्ध्या स्वराने चढतो. ए मायनरच्या आकारात कॅपोशिवाय षड्ज पांढरी सहा. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला तर काळी पाच, दुसऱ्यावर पांढरी सात, तिसऱ्यावर पांढरी एक, चौथ्यावर काळी एक. आपली पट्टी यांच्या मधल्या भागात, म्हणजे पांढरी तीन ते काळी चार यांच्या दरम्यान असेल, तर ई मायनरचा आकार घ्या. तिथे कॅपोशिवाय पांढरी तीन आहे आणि चौथ्या फ्रेटवर काळी चार. आकार बदलला तरी वहीतली सरगम तीच राहते, आणि सरगम लिहायला सांगण्यामागे माझा हाही हेतू होता. मूळ ध्वनिमुद्रणाबरोबर वाजवताना गिटार किंचित बेसूर वाटली, तर आधी गिटारच त्या ध्वनिमुद्रणाला जुळवून घ्या. जुन्या मुद्रणांच्या प्रतींचा सूर आजच्या ट्यूनरशी नेमका जुळेलच असे नाही.

प्रश्न : मी पुण्यात महाविद्यालयात शिकते. हेच गाणे गिटारवर वाजवत गाते, पण मला तमिळ येत नाही. रोमन लिपीतून शब्द देवनागरीत लिहून घेतले आहेत. वर्गातली तमिळ मैत्रीण म्हणते, की सूर बरोबर आहेत, शब्द मात्र ओढल्यासारखे वाटतात. उच्चार किती महत्त्वाचे मानावेत?

उत्तर : फार महत्त्वाचे, आणि मराठी माणसाला यात मोठी अनुकूलता आहे. रोमन लिपीत ‘इलया’ असे दिसणारा पहिला शब्द तमिळमध्ये ‘ळ’ने लिहिला जातो आणि ‘निला’ मात्र ‘ल’ने. संगीतकाराच्या नावातही हाच ‘ळ’ आहे आणि ‘इळय’ म्हणजे तरुण, कोवळा. ‘निला’ म्हणजे चंद्र. आपल्या जिभेवर ‘ळ’ लहानपणापासून आहे, तेव्हा तो ‘ल’ करून गाण्याचे काही कारण नाही.

रोमन लिपी दोन ठिकाणी फसवते. तमिळ शब्द लिहिताना ‘त’ किंवा ‘द’साठी बहुतेक वेळा टी-एच लिहितात आणि मराठी वाचक त्याचा ‘थ’ करतो. तमिळ शब्दांत महाप्राण नाही, म्हणून मुखड्याच्या पहिल्या ओळीचा, ‘इळय निला पोऴिगिरदे’चा, शेवट ‘थे’ नसून ‘दे’ आहे. दुसरी गोष्ट मात्रांची. तमिळमध्ये ए आणि ओ यांचेही ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन प्रकार आहेत. ऱ्हस्वाला तिथे ‘कुरिल’ आणि दीर्घाला ‘नेडिल’ म्हणतात. आपल्या लिपीत ऱ्हस्व ‘ओ’ला वेगळी खूण नाही, त्यामुळे ‘निला’च्या पुढच्या शब्दाचे पहिले अक्षर आपण ‘पो’ असे लिहितो आणि साहजिकच लांबवतो. ते ‘पु’इतकेच आखूड म्हणायचे आहे. मैत्रिणीला जे ओढल्यासारखे वाटते, ते बहुधा हेच. याच शब्दातले दुसरे व्यंजन आपल्याकडे नाही. तमिळ हे नाव ज्या अक्षराने संपते, तेच ते अक्षर. जीभ ‘ळ’साठी वळवतो तशी मागे वळवावी, पण टाळूला टेकवू नये. मैत्रिणीकडून हा एक शब्द दहा वेळा म्हणवून घ्या आणि तिने मान डोलावेपर्यंत गिटार उचलू नका. उच्चार सुधारला की बोटेही सुधारतात, असा माझा अनुभव आहे, कारण अक्षर आखूड झाले की पुढचा स्वर आपोआप आपल्या जागेवर पडतो.

प्रश्न : एफ कॉर्डला पहिले बोट आडवे दाबून सगळ्या तारा धरणे मला चार महिन्यांतही जमलेले नाही. सोडून द्यावी का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : सध्या आडवे बोट सोडा, एफ सोडू नका. पहिली तार मोकळी, दुसरीचा पहिला फ्रेट, तिसरीचा दुसरा आणि चौथीचा तिसरा, एवढेच धरून वरच्या चारच तारा वाजवा. याला एफ मेजर सेव्हन म्हणतात. एफच्या तीन स्वरांत ‘ई’ची भर पडते, आणि कॉर्ड फोडून वाजवण्याच्या गाण्यांत ती पुष्कळदा साध्या एफपेक्षा गोड लागते.

त्याआधी आपली गिटार मात्र तपासा. माझी पहिली गिटार ज्या दुकानातून घेतली, तिथे तारांच्या उंचीबद्दल कोणी अवाक्षर काढले नव्हते, आणि वर्षभर मी माझ्याच बोटांना दोष देत राहिलो. पट्टी घेऊन बाराव्या फ्रेटपासून सहाव्या तारेपर्यंतचे अंतर मोजा. ते अडीच मिलिमीटरच्या आसपास असावे. चार मिलिमीटर भरले, तर वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडे नेऊन मानेचा बाक तपासून घ्या, आणि ब्रिजवर तारांखाली बसवलेली हाडाची किंवा प्लास्टिकची पट्टी खालच्या बाजूने घासून घ्या. घासताना थोडे थोडे घासायला सांगा, कारण जास्त गेले की तारा फ्रेटवर खरखरतात आणि पट्टी नवी घालावी लागते.