१९५० च्या दशकातील अमेरिका अभ्यासताना
अमेरिकेच्या या भरभराटीच्या दशकाचा अभ्यास तुम्ही सुरू करत असाल, तर फ्रिज, दूरचित्रवाणी संच आणि मोटारींच्या जाहिरातींपासून सुरुवात करू नका, असे मी आग्रहाने सांगेन. आधी घरांचे करार वाचा. दुसऱ्या महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी १९४४ च्या कायद्याने गृहकर्जाची सोय झाली आणि न्यूयॉर्कजवळ लेव्हिटाउन हे उपनगर झपाट्याने उभे राहिले. मात्र तेथील सुरुवातीच्या करारांत, घरगडी वगळता, गोऱ्यांखेरीज कोणालाही घरात राहू देण्यास मनाई करणारे कलम होते. समृद्धी कोणाच्या वाट्याला आली, हे त्या एका कलमातून लख्ख दिसते. अशी कलमे न्यायालयांनी अमलात आणू नयेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्येच दिला होता. तरीही १९५७ मध्ये पेनसिल्व्हेनियातील, त्याच नावाच्या दुसऱ्या उपनगरात पहिले कृष्णवर्णीय कुटुंब राहायला आले, तेव्हा जमावाने त्यांच्या घरावर दगडफेक केली. म्हणून शाळांतील वर्णभेदाविरुद्धचा १९५४ चा निकाल आणि पुढच्या वर्षीचा माँटगोमेरी शहरातील, बसमधल्या वर्णभेदाविरुद्धचा बहिष्कार घरांच्या प्रश्नापासून तोडून वाचू नका. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून लोकांच्या मागे लागलेले सिनेटर मॅकार्थी यांच्या कारवायांवर वाचायला भरपूर मिळेल, ते नंतर पाहता येईल. १९५६ च्या महामार्ग कायद्यानंतर रस्त्यांसाठी शहरांतील कोणत्या वस्त्या पाडल्या गेल्या, हे मात्र जुना नकाशा समोर ठेवून स्वतः तपासा.